लेकीचा हेवा

परवा कूलर बाहेर काढला. जिन्याखालून ओढत आणला, यांनी पंप धुऊन दिला, मी जुना वाळा उपटून नवा भरला, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा तो वास घरभर पसरला. ओल्या गवताचा, थोडा मातीचा, थोडा गंजक्या पत्र्याचा. एप्रिलच्या शेवटी भिलाईत, रिसालीच्या आमच्या गल्लीतल्या घराघरातून हा वास येतो आणि लोक म्हणतात, चला, आता उन्हाळा सहन होईल. मला मात्र हा वास आला की तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात प्राची परदेशी शिकायला जायची तयारी करत होती आणि मी, तिची आई, तिच्यावर जळत होते.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीन उन्हाळे लागले. लेकीचा अभिमान वाटतो हे कुणालाही सांगता येतं, दूधवाल्यालासुद्धा. लेकीचा हेवा वाटतो हे मी स्वतःलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. उन्हामुळे चिडचिड होते आहे असंच मी धरून चालले होते.

आमचं घर साधं. सासरे तुमसरकडची शेती भावांवर टाकून पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा भिलाईला आले. त्यांच्यामागून प्राचीचे बाबाही प्लांटमध्येच लागले, रेल मिलमध्ये, जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात. सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही रिसालीत दोन खोल्या बांधल्या, मग वर आणखी एक चढवली. मी दुर्गची, बी.एस्सी. झालेली. जवळच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. प्राची आमची एकुलती. धातुशास्त्राची इंजिनिअर झाली आणि तिनं जाहीर केलं की पुढचं शिक्षण जर्मनीत.

त्या दिवसापासून जेवणाचं टेबल आमचं राहिलं नाही. त्यावर फायली आल्या, निळी, हिरवी, पारदर्शक. मार्कशीटच्या प्रती, शिफारसपत्रं, चार वेळा काढलेले फोटो. त्या फोटोंत कान दिसायला हवे होते आणि हसायचं नव्हतं, त्यामुळे प्राची त्यांत कुणीतरी मोठी, परकी बाई दिसत होती. आम्ही तिघं सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवायचो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिनं लाल पेनानं एका रविवारभोवती गोल काढला होता. तिला जिथे सगळ्यात जास्त जायचं होतं, त्या विद्यापीठाची ती शेवटची तारीख.

ती घरी नसली की मी तिचा पासपोर्ट उघडून बघायचे. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती कोरी पानं. पण ती पानं मी एकेक करून उलटायचे, शेवटपर्यंत, आणि पुन्हा होतं तसं फायलीत ठेवायचे. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. कधी लागलाच नाही.

समोरच्या साहू भाभी येता-जाता म्हणायच्या, “आपको तो कितना गर्व होता होगा!” मी म्हणायचे, हो ना. आणि आत येऊन पोळीचं पीठ जरा जास्तच जोरात मळायचे.

जर्मनचा क्लास भिलाईतच, सुपेल्यात होता, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर. सकाळी प्राची तिथे जायची आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत फोनवर तेच धडे लावून मोठ्यानं म्हणायची. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू यायचं. भाजी परतता परतता ते शब्द माझ्या तोंडात बसत गेले. आधी चमचा, मग खिडकी, मग पाऊस. तिचा एखादा शब्द अडला की माझ्या ओठांवर तो आधीच आलेला असायचा, आणि मी ओठ मिटून घ्यायचे.

एकदा ती वैतागून स्वयंपाकघराच्या दारात आली. आमची पोरं बाहेर हिंदीच बोलतात, मराठी फक्त घरात, तीही अर्धी.

“आई, ये जर्मन पागल कर देगी मुझे. चमचा पुरुष, काटा बाई, आणि सुरी ना पुरुष ना बाई. ऐसा कौन करता है?”

“आपण करतो,” मी म्हटलं. “तो चमचा, ती वाटी, ते ताट. तुले कावून जड जाऊन राहिलं? हिंदीवाल्यांले जाऊ दे, तू तर मराठी आहेस ना.”

“अरे हो!” म्हणून ती पळाली. दुसऱ्या दिवशी क्लासमधून आली ती खुशीत. म्हणाली, “सर बोलले, बहुत अच्छा सोचा तुमने. मी मराठीचं सांगितलं न, तीन लिंगांचं.” ते कुणी सुचवलं हे तिनं सरांना सांगितलं नव्हतं. का सांगावं? इतकी बारीक गोष्ट. पण ती बारीक गोष्ट मला दोन दिवस बोचत राहिली, पायात मोडलेल्या काट्यासारखी.

मग निबंध आला. तिकडच्या विद्यापीठांना एक निबंध लिहून पाठवावा लागतो: तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे, इथवर कसे पोचलात. तिनं आठ-दहा दिवस घासून तो लिहिला आणि एका संध्याकाळी आम्हा दोघांना बसवून वाचून दाखवला. इंग्रजीतच होता, बाबांसाठी मध्ये मध्ये थांबून मराठीत सांगत होती. सुरुवात अशी होती की ती दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला मिल दाखवायला नेलं, आणि लाल तापलेला रूळ सापासारखा सळसळत पुढे जाताना बघून तिनं ठरवलं की आपल्याला लोखंड समजून घ्यायचं आहे.

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्लांटमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, चष्मा काढून पुसत बसला. “मी इतकं कुठं काही केलं बाप्पा,” म्हणाले, पण आवाज फुलला होता.

मी वाट बघत होते. दुसरं पान आलं, तिसरं आलं. निबंध संपला.

त्यात मी नव्हते.

मला आठवत होतं ते असं. प्राची आठवीत असताना मी सुपेल्यातल्या लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस मागून आणला होता, कागदाच्या पुडीत. याच टेबलावर कागद पसरला, खाली चुंबक धरलं, वरून कीस भुरभुरला आणि कागदाला टिचकी मारली. तो कीस जागच्या जागी वळला आणि रेषांमध्ये उभा राहिला. प्राचीनं श्वास रोखला. मग म्हणाली, “आई, याले कसं समजते?” त्या रात्री तिनं जेवताना वीस प्रश्न विचारले. मिल बघून आली होती तेव्हा तिनं फक्त गरम होतं एवढंच सांगितलं होतं. मला पक्कं आठवतं, कारण तिच्या कपाळावर घामोळं आलं होतं आणि पावडर मी लावली होती.

“चांगला आहे,” मी म्हटलं आणि ताटं मांडायला उठले. त्या रात्री मला एकाच वेळी दोघांचाही हेवा वाटत होता, जाणारीचाही आणि तिच्यासाठी ज्याला रडता येतं त्या बापाचाही.

आमच्या काळात परदेश म्हणजे पुणं. बी.एस्सी.ला मी कॉलेजात पहिली आले होते आणि पुण्याला भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी माझी निवड झाल्याचं पत्र आलं होतं. हॉस्टेलची खोलीही मिळत होती. माझे वडील वाईट नव्हते. ओरडले नाहीत, पत्र फाडलं नाही. पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, म्हणाले, “यंदा राहू दे, पुढल्या वर्षी पाहू.” पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. कुणावर राग धरावा असं कुणी नव्हतंच. म्हणूनच कदाचित तो राग इतकी वर्षं रिकामा फिरत राहिला, आणि घरातच बसलेली, बावीस वर्षांची, खुर्चीवर पाय घेऊन आंबा चोखत जर्मनीचा नकाशा बघणारी एक मुलगी त्याला सापडली.

निबंधानंतरच्या मंगळवारी, दुपारी, कुरिअरवाला आला. हे ड्यूटीवर, प्राची क्लासला. प्राचीच्या इथल्या विद्यापीठाचं जाड पाकीट होतं, लाखेचा शिक्का असलेलं. तिच्या चारही वर्षांच्या गुणांचे अधिकृत कागद. त्यांचीच ती रोज वाट बघत होती. मी सही करून पाकीट घेतलं. टेबलापर्यंत नेलं. टेबल चार पावलांवर होतं. तिथून मी वळले, आतल्या खोलीत गेले, गोदरेजचं कपाट उघडलं आणि पाकीट लग्नातल्या साड्यांच्या खाली सरकवलं.

मी काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी देऊ, असं वाटत होतं. संध्याकाळी ती आली, चप्पल काढता काढता विचारलं, “काही आलं?” आणि माझ्या तोंडून “नाही” असं इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

बुधवारी ती कुरिअरच्या माणसांना फोन करत राहिली. गुरुवारी तिनं विद्यापीठात फोन केला, कुणी उचलला नाही. मी पोळ्या लाटत होते, धुणं वाळत घालत होते, आणि येता-जाता माझी नजर कॅलेंडरावरच्या लाल गोलावर जात होती. तारीख मला माहीत नव्हती असं मी कुणालाही सांगू शकत नाही. मला माहीत होती. कपाटाजवळून जाताना छातीत धडधडायचं, आणि त्या धडधडीत, खरं सांगते, थोडं सुखही होतं. निदान एक गोष्ट माझ्या हातात होती. ती जाणार की नाही हे चार दिवसांपुरतं मी ठरवू शकत होते.

शुक्रवारी ती म्हणाली, “मी स्कूटीनं रायपूरला जाते. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातच जाऊन विचारते.” बाहेर पांढरं ऊन होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हणू शकले असते की थांब. मी तिचा दुपट्टा घेतला, तिच्या डोक्याला आणि तोंडाला नीट गुंडाळला, मागे गाठ मारली, लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला आणि म्हटलं, “पाणी पीत जाय.”

ती चारला परत आली. तिकडच्या कारकुनानं रजिस्टर दाखवलं होतं, कागद केव्हाच रवाना झाले होते. चेहरा लालबुंद. पायरीवरच बसली. हात लावला तर अंग तव्यासारखं. लू लागली होती.

शनिवारी दिवसभर मी तिच्या उशाशी होते. कैरी उकडून पन्हं केलं, तळव्यांना कांद्याचा रस चोळला, रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवला होता तो थंडगार बासी चमच्यानं भरवला. ती डोळे मिटून गिळत होती आणि मध्येच म्हणत होती, “उद्या लास्ट डेट आहे, आई.” कूलर तिच्या अंगावर तो ओला वास फेकत होता. संध्याकाळी पाच वाजता मी उठले, कपाट उघडलं आणि पाकीट आणून तिच्या पांघरुणावर ठेवलं.

तिनं शिक्का बघितला. पाकिटावरची कुरिअरची चिठ्ठी बघितली.

“हे कधी आलं?”

“मंगळवारी.”

ती कोपरावर उठून बसली. “मंगळवारी? मी काल रायपूरला गेली होती, आई. तुझ्यासमोर गेली. तू मले दुपट्टा बांधून दिला.”

“हो.”

“कावून?”

मी खोटं काहीतरी सांगू शकले असते, विसरले म्हणून. ते तिनं मानलंही असतं. पण तिच्या त्या तापलेल्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही.

“मले तुझा हेवा वाटून राहिला होता,” मी म्हटलं.

“मेरा?” ती म्हणाली. “मम्मी, मेरा? तू मेरी मम्मी है ना?”

मग मी सगळं बोलले. पुण्याचं पत्र, हॉस्टेलची खोली, पुढल्या वर्षी पाहू. लोखंडाचा कीस. निबंध. पंचवीस वर्षं जे कुणाशी बोलले नव्हते ते तापानं फणफणलेल्या पोरीला सांगत सुटले. माझं संपल्यावर ती म्हणाली, “पुण्याचं तू मले कधी सांगितलं काय? एकदा तरी? मले जे माहीतच नाही, ते मी लिहू कसं?” आणि मग भिंतीकडे तोंड करून, “आता जाय. मले झोपू दे.”

कागदांवर नोटरीचा शिक्का लागणार होता. नोटरी दुर्गच्या कोर्टाबाहेर बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. प्राचीनं बिनशिक्क्याचेच कागद ऑनलाइन पाठवून दिले. दोन आठवड्यांनी त्या विद्यापीठाचं उत्तर आलं की अर्ज अपूर्ण आहे. बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कागद उशिरा आले.” मी तिथेच उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यासाठी ती खोटं बोलली आणि त्या खोट्याखाली मी आजही उभी आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी, लहान गावातल्या विद्यापीठात, तिला प्रवेश मिळाला. तारीख पुढची होती. ती गेली. जाईपर्यंतचे तीन महिने आम्ही एकमेकींशी फार नीट वागलो. चहा घेणार का, हो दे. बॅगेत हे ठेवू का, ठेव. निबंधात तिनं माझ्याबद्दल काही घातलं का हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. विमानतळावर ती वाकून पाया पडली तेव्हा माझा हात तिच्या डोक्यावर ठेवायचा की नाही हे मला कळेना. मग ठेवला. केस धुतलेले होते.

त्यानंतर मी शहाणी आई झाले. फोनवर ती काहीही म्हणाली की मी म्हणायचे, “बरं बेटा.” केस खांद्यावर कापले, छान. मांस खायला लागली, तुले आवडत असेल तर खा. दोन महिने पैशासाठी बेकरीत पहाटे काम केलं, सांभाळून कर. तिकडचा बर्फ, नदीवरचा पूल, तिच्या खोलीच्या खिडकीतलं सफरचंदाचं झाड ती फोन फिरवून दाखवायची, आणि माझ्या आत ते जुनं जनावर डोकं वर काढायचं. हेवा गेला नव्हता. अजून गेलेला नाही. मी फक्त त्याला ताटाखाली झाकून ठेवायला शिकले होते.

मागच्या डिसेंबरात ती सव्वादोन वर्षांनी घरी आली, तीन आठवड्यांसाठी. पहिले काही दिवस नुसती झोपली. मग एका दुपारी मी अंगणात उन्हात बसून वटाणे सोलत होते, तर ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली की मैत्रिणींनी फिरायला जायचं ठरवलं आहे, म्हणून तिनं परतीचं तिकीट चार दिवस अलीकडे घेतलं आहे.

“बरं बेटा,” मी म्हटलं. “जाय.”

तिनं हातातला वटाणा टोपलीत फेकला. “पाह्य! हेच. मले वाटलंच होतं तू हेच म्हणशील.”

“मग काय म्हणू?”

मग तिनं तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली. तिथलीच मुलगी. तिची आई दर रविवारी पुढच्या गावाहून ट्रेननं येते, पातेलंभर सूप घेऊन. आल्याबरोबर फ्रीज उघडते आणि दोघींची जुंपते. फ्रीज घाणेरडा का, हा मुलगा कोण, तू फोन का उचलला नाहीस. दारं आपटतात. प्राची आपल्या खोलीत बसून ऐकते. तासाभरानं दोघी एका बशीत जेवत असतात.

“मले त्यांचा इतका हेवा वाटते आई,” ती म्हणाली. “तू माझ्याशी भांडतच नाहीस. त्या दिवसापासून एकदाही नाही. मी फोन करते तर मले वाटते कोणत्या ऑफिसात फोन लावून राहिली. तू मले घाबरतेस काय?”

हेवा हा शब्द तिच्या तोंडून ऐकून मला काय झालं कोण जाणे, गेल्या अडीच वर्षांचे सगळे ‘बरं बेटा’ एकदम उलटून वर आले.

“नाही जायचं,” मी म्हटलं.

“काय?”

“चार दिवस आधी नाही जायचं. कोणाले विचारून तिकीट काढलं? सव्वादोन वर्षांनी आली, त्यातले दहा दिवस झोपून काढले, आणि आता मैत्रिणी? मी इकडे शाळेतून सुट्ट्या घेऊन बसली, त्याचं काय?”

“तू सुट्टी घेतली हे मले सांगितलं काय?”

“सगळं सांगावं लागते काय तुले? तुले दिसत नाही?”

“नाही दिसत! तू कधी दाखवतच नाहीस!”

आवाज चढले. टोपली कलंडली, वटाणे अंगणभर झाले. समोर साहू भाभींचा पडदा हलला. हे आतून धावत आले, अर्धी दाढी केलेले, गालाला साबण. “काय झालं? काय झालं?”

“काही नाही, तुम्ही आत जा!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

ती चार दिवस आधीच गेली. ऐकली नाही. रायपूरच्या विमानतळावर, आत शिरायच्या दारापाशी, आमची पुन्हा जुंपली, या वेळी स्वेटरवरून. मी विणलेला स्वेटर तिनं घरीच ठेवला होता, तो मी गुपचूप पिशवीतून आणला होता, आणि बॅगेत जागा नाही असं तिचं म्हणणं होतं. शेवटी तिनं रागारागानं तो अंगात चढवला, उलटा, आणि मी रागारागानं तो सगळ्यांसमोर काढून सरळ करून पुन्हा घातला. दारावर तिकिटं तपासायला सुरक्षा दलाची एक तरुण मुलगी उभी होती, कडक गणवेशात, चेहऱ्यावरून कुठल्यातरी लांबच्या मुलखातली. तिकीट हातात धरून ती आमच्याकडे बघत थांबली होती. मागे रांग वाढत होती, तरी तिनं आम्हाला घाई केली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखू आलं. तिला आमचा हेवा वाटत होता.